दोन सरकारांच्या मधे

माझ्या बायकोचा आजार मला तिच्याच तोंडून कळला. बेळगावचे डॉक्टर बागलकोटकडचे होते. त्यांना मराठी समजायचं, पण अवघड काही सांगायची वेळ आली की ते कानडीवर जायचे. माझी कानडी बाजारापुरती. बायकोचं माहेर चिकोडीच्या पलीकडचं, तिची घरची भाषाच कानडी. डॉक्टर बराच वेळ तिच्याशी बोलले. तिनं मान हलवत ऐकून घेतलं, मधेच काहीतरी विचारलं, आणि मग माझ्याकडं वळून म्हणाली, "दोन्ही किडन्या गेल्यात म्हणत्यात. आठवड्याला तीनदा मशीनवर रक्त धुवायचं. आता ह्ये कायमचंच."

"कायमचं म्हणजे?" मी विचारलं.

"कायमचं म्हंजे कायमचंच. चला, खाली जाऊन रेशन कार्डावर हुतंय का इचारू."

मी तेव्हा मराठी माध्यमाच्या हायस्कुलातून नुकताच निवृत्त झालो होतो. समाज विज्ञान शिकवायचो. घरची शेती थोरले बंधू बघत, आमची एकुलती मुलगी कोल्हापुरात दिलेली. घरात आम्ही दोघंच. निवृत्तीनंतर तीर्थयात्रा करायची असं ठरलं होतं. त्याऐवजी आम्ही बेळगावला जाऊ लागलो.

पहिलं वर्षभर तेच चाललं. पहाटे निघायचं, हायवेला बस पकडायची, दवाखान्यात पाळी येईपर्यंत बसायचं, मग चार तास मशीन, मग परत बस. आम्ही जैन. ती लहानपणापासून सूर्यास्तानंतर अन्नपाणी न घेणारी. डायलिसिसच्या पेशंटला पाण्याचं माप असतं, तेवढंच प्यायचं, जास्त झालं की अंगात साठतं. बाकीचे पेशंट तहानेनं हैराण व्हायचे, तिला ते फारसं जड गेलं नाही. जड गेली ती भूक. मशीनवरून उतरलं की अंगातलं सगळं त्राण जायचं आणि भूक लागायची, पण तोवर दिवस कलायला आलेला असायचा. मग बेळगावच्या स्टँडवरच बाकावर डबा उघडायचा, ऊन अजून समोरच्या भिंतीवर आहे ना ते बघत दोन घास खायचे. कधी कधी ऊन आधी जायचं. मग ती डबा तसाच बंद करायची. मी काही म्हटलं तर म्हणायची, "सकाळी खाईन की. कुटं पळून जातंय?"

मग आमच्या भागातल्या सरकारी दवाखान्यात डायलिसिस सुरू झालं. कुठला दवाखाना ते लिहीत नाही. त्या काळात असे विभाग बऱ्याच ठिकाणी निघाले आणि बऱ्याच ठिकाणी बंद पडले. एकाचंच नाव घेऊन काय उपयोग? उद्घाटनाला मंत्री आले होते. मांडव होता, भिंतीवर त्या वेळच्या सरकारातल्या लोकांचे फोटो असलेला मोठा बोर्ड होता. आम्हाला त्याचं काही नव्हतं. आमच्या घरापासून ते ठिकाण टमटमनं अर्ध्या तासावर होतं. सकाळी जाऊन दुपारी घरी. ऊन डोक्यावर असताना ती जेवू लागली.

तिथं आठ पेशंट होते. तिच्या शेजारच्या खाटेवर एक विड्या वळणाऱ्या बाई असायच्या, तिच्याच वयाच्या. त्यांना झोप लागायची नाही, आणि मशीनवर असताना हातही हलवता यायचा नाही, म्हणून त्या सतत बोलायच्या. सुनेबद्दल, तंबाखूच्या वासाबद्दल, लग्नाआधी पोहायला जायच्या त्या विहिरीबद्दल. माझी बायको डोळे मिटून ऐकायची. मला आधी वाटायचं तिला त्रास होत असेल. एकदा त्या बाई आल्या नाहीत तर ती मला म्हणाली, "आज लई येळ लागला बगा. सरंनाच."

मशीन चालवणारा तंत्रज्ञ खानापूरकडचा होता, तिशीतला, अजून लग्न न झालेला. मला सर म्हणायचा आणि तिला आक्का. तिच्या डाव्या हातात शस्त्रक्रिया करून शीर आणि धमनी जोडलेली होती. तिथं बोट ठेवलं की कातडीखाली सतत थरथर लागायची. तो दर खेपेला आधी तिथं बोट ठेवून बघायचा आणि म्हणायचा, "व्हय, चालू हाय गाडी." मग सुई. त्याची सुई तिला कळायची नाही असं ती म्हणायची. त्याचं कौतुक करण्यापुरतं ती हे म्हणत असेल, पण बेळगावहून आल्यावर तिचा हात काळानिळा व्हायचा, तो इथं कधी झाला नाही.

मग निवडणूक आली. मतदान तिच्या मशीनच्या दिवशीच आलं. तंत्रज्ञानं तिला त्या दिवशी सगळ्यांच्या आधी घेतलं, आणि दुपारी आम्ही परस्पर मतदानाला गेलो. रांगेतल्या लोकांनी तिचा हात बघून पुढं सोडलं. तिनं कुणाला मत दिलं ते मी विचारलं नाही, तिनंही मला विचारलं नाही. आमच्यात तशी रीतच होती.

सरकार बदललं.

पहिले काही महिने काहीच झालं नाही. हे मी मुद्दाम लिहितो, कारण लोकांना वाटतं सरकार बदललं की दुसऱ्या दिवशी कुणीतरी येऊन कुलूप लावतं. तसं होत नाही. भिंतीवरचा फोटोंचा बोर्ड मात्र लगेच गेला; त्या जागी भिंतीचा चौकोन बाकीच्या भिंतीपेक्षा पांढरा दिसायचा. बाकी सगळं तसंच चाललं. डायलिसिस चालवणारी एजन्सी खासगी होती, तिचं कंत्राट आधीच्या सरकारनं दिलेलं. त्याची मुदत संपत आली होती. नव्या सरकारनं सांगितलं की आधीची सगळी कंत्राटं तपासून बघायची आहेत, मगच पुढचं. एजन्सी म्हणू लागली की पुढचं काही नक्की नसेल तर आम्ही सामान कशाला भरू? दोघांचंही बोलणं ऐकलं तर चूक वाटायचं नाही.

मग एक मशीन बिघडलं, ते दुरुस्त करायला कुणी आलं नाही. मग पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राचं काहीतरी झालं. आठवड्याला तीनाच्या दोन पाळ्या झाल्या. तंत्रज्ञाचा पगार थांबला. तो तरी येत राहिला. एका सकाळी आम्ही गेलो तेव्हा त्यानं मशीनवर चादरी घातल्या होत्या आणि दारात उभा होता.

"आक्का, नळ्याच संपल्यात," तो म्हणाला. "कालपासनं फोन करतोय. आज न्हाय जमायचं."

"उद्या?"

त्यानं फोन काढून पुन्हा तोच नंबर लावला. विड्या वळणाऱ्या बाईही आल्या होत्या, सुनेबरोबर. त्या म्हणाल्या, "आरं पर सरकार नवं आलंय न्हवं? नव्या सरकारात नळ्या न्हाईत व्हय?" त्यावर सगळे हसले. तंत्रज्ञही हसला. मीही हसलो असेन.

पुन्हा बेळगाव सुरू झालं. पण आता तिथं जिल्ह्यातल्या सगळ्या बंद पडलेल्या विभागांचे पेशंट येत होते. कार्डावर आम्हाला आठवड्याला एकच पाळी मिळाली. मुलगी म्हणाली कोल्हापूरला या, बाकीच्या पाळ्या इथं करू. तिकडच्या सरकारनं सीमाभागातल्या लोकांनाही आपली आरोग्य योजना लागू केल्याचं आम्ही ऐकलं होतं. तिथल्या एका दवाखान्यात गेलो. काउंटरवरच्या मुलीनं आमचं रेशन कार्ड उलटसुलट बघितलं. ते कानडीत होतं. मी गावाचं नाव सांगितलं. ती संगणकात शोधत राहिली.

"काका, आदेश आलाय म्हणतात," ती म्हणाली, "पण ह्यात तुमचं गावच नाही. जिल्हा निवडला की खाली तालुके येतात, त्यात तुमचा जिल्हाच नाही."

"आम्ही पलीकडचे," मी म्हटलं.

"हो, तेच ना."

ती बिचारी खरंच शोधत होती. शेवटी तिथं पैसे भरून एक पाळी घ्यायची आणि बेळगावची एक, असं ठरवलं. तीनाच्या जागी दोन. डॉक्टर म्हणाले, चालवून बघा.

मी बेळगावला आरोग्य खात्याच्या एका साहेबांना भेटायला गेलो. माझा एक जुना सहकारी त्यांच्या ओळखीचा होता, म्हणून त्यांनी बसवून चहा दिला. माणूस सभ्य होता. म्हणाले, "सर, योजना बंद झालेली नाही. असं कुणी सांगितलं तुम्हाला? धोरण तेच आहे. सरकार कुठलंही आलं तरी डायलिसिस चालूच राहणार, हे दोन्ही बाजूंना मान्य आहे."

"पण मशीन बंद आहेत."

"ती अंमलबजावणीतली अडचण. आधीच्यांनी कंत्राट नीट दिलं नव्हतं, ते आता नीट करून देतायत. वेळ लागणारच."

"तोवर?"

"तोवर सध्याची व्यवस्था चालू ठेवायची, असंच वरून सांगितलंय."

मी पुष्कळ वर्षं वर्गात राज्य आणि सरकार यांतला फरक शिकवला. सरकार बदलते, राज्य कायम राहते, असं फळ्यावर लिहायचो आणि मुलं ते वहीत उतरवून घ्यायची. साहेबांच्या समोर बसलो असताना मला ते आठवलं. ते चुकीचं आहे असं तेव्हाही वाटलं नाही. साहेब मागच्या सरकारात तेच होते, शिपाईही तोच होता, खोली तीच. सगळं कायम होतं. मी चहा संपवला, नमस्कार केला आणि खाली उतरलो. स्टँडवर येईपर्यंत मला राग येईल असं वाटत होतं. आला नाही. त्या दिवसापासून मला पुष्कळशा गोष्टींचं काही वाटेनासं झालं. झोप लागायची, जेवण जायचं. लोक म्हणायचे सरांनी फार धीरानं घेतलंय.

हिवाळ्यात बेळगावला विधानसभेचं अधिवेशन भरतं. त्या दिवसांत इकडं दरवर्षी तेच असतं. मराठी लोकांचा मेळावा, त्याला बंदी, पोलीस, कुठंतरी बसला काळं फासलं जातं, मग दोन्हीकडच्या गाड्या सीमेवर थांबतात. कुणाचंही सरकार असो. ह्या एका बाबतीत मात्र आमच्याकडं कधी खंड पडलेला मी बघितला नाही. तिची बेळगावची पाळी नेमकी त्याच आठवड्यात आली. त्या वेळी मुलीकडं जाऊन कोल्हापूरला पाळी घ्यावी तर तिकडच्या बस बंद होत्या. म्हणून बेळगावलाच निघालो. हत्तरगीच्या पुढं कुठंतरी पोलिसांनी गाडी बाजूला घ्यायला लावली.

गाडी उभी राहिली. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. पुढं गाड्यांची लांब रांग होती. मंत्र्यांचा ताफा जायचा होता असं कुणी म्हणालं, कुणी म्हणालं पुढं आंदोलन चाललंय. तिच्या पायांना सूज होती, चेहरा सकाळपासूनच फुगलेला. शाल गुंडाळून ती खिडकीला डोकं टेकून बसली होती.

"कोण थांबीवलंय?" तिनं विचारलं. "हिकडल्यांनी का तिकडल्यांनी?"

"दोन्हीकडल्यांनी."

"बरं," ती म्हणाली आणि डोळे मिटले.

मी खाली उतरून एका पोलिसाला गाठलं. मोडक्या कानडीत सांगितलं की पेशंट आहे, डायलिसिसची पाळी आहे. तो तरुण होता. त्यानं बसमध्ये डोकावून तिच्याकडं बघितलं आणि वायरलेसवर कुणाला तरी विचारलं. मग माझ्याजवळ येऊन मराठीत म्हणाला, "काका, अँब्युलन्स असती तर सोडली असती. बस न्हाय सोडता येत." मी म्हटलं, बरं. त्यानं आपल्याजवळची पाण्याची बाटली माझ्या हातात दिली. तिला पाणी चालत नाही हे मी त्याला सांगितलं नाही. बाटली घेऊन वर चढलो.

आम्ही पोचलो तेव्हा तिच्या खाटेवर दुसरा पेशंट होता. सिस्टरनं संध्याकाळी दोन तासांची जागा करून दिली. अर्धंच डायलिसिस झालं.

त्याच महिन्यात विड्या वळणाऱ्या बाई गेल्याचं कळलं. त्यांना बेळगावला नेणारं कुणी नव्हतं. मुलगा पुण्याला कामाला, सून विड्यांवर. काही आठवडे त्या कशाबशा जात होत्या, मग जाणं थांबलं. बायको म्हणाली, जाऊन येऊ. तिला गल्लीत चालवत नेलं. सून उंबऱ्यात सूप मांडीवर घेऊन बसली होती. ती बोलत होती आणि हातांनी पानं कापून, तंबाखू भरून, गुंडाळून, दोरा बांधून विडी बाजूला टाकत होती. डोळ्यांतून पाणी येत होतं ते पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून खांद्यानं पुसत होती.

"आक्का आक्का करायच्या तुमास्नी," ती म्हणाली. "मशीन कवा चालू हुतंय त्येवडं इचारून ये म्हणायच्या. मी दोनदा गेलते. कुलूप."

माझी बायको तिच्याजवळ खाली बसली. तिला पुन्हा उठवताना मला आणि शेजारणीला दोघांना धरावं लागलं. टमटममध्ये ती म्हणाली, "त्येंची ती पवायची हिर, कुटल्या गावात म्हणल्या हुत्या हो?" मला ठाऊक नव्हतं. मी कधी नीट ऐकलंच नव्हतं.

त्यानंतर तिची तब्येत खालीच गेली. दोन उशा लावल्याशिवाय झोप येईना, श्वास पुरेना. एका दुपारी माझे थोरले बंधू आले. घरात त्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. ते बसदीतून, आमच्या जैन मंदिरातून, परस्पर आले होते, कपाळावर गंध होतं. आमच्या घराण्यात त्यांचा शब्द मानला जातो, आणि ते बोलायला अवघडले होते हे मला दिसत होतं. ती जोत्यावर बसून दोडका चिरत होती. चिरलेली भाजी ती पाण्यात भिजत घालायची, त्यातले क्षार जावेत म्हणून.

"बाई," अण्णा म्हणाले, "शरीर साथ देत न्हाय, औषध चालत न्हाय, अशा वेळंला आपल्या धर्मात एक वाट सांगितल्याली हाय. महाराजांना इचारून, सगळ्यांना क्षमा मागून... जबरदस्ती न्हाय. आपलं सुचलं म्हणून बोललो."

तिनं विळी आडवी केली आणि पदर सारखा केला. अण्णांसमोर ती कधी मोठ्यानं बोलली नव्हती, त्या दिवशीही बोलली नाही.

"वाट हाय, मला म्हाईत हाय अण्णा," ती म्हणाली. "माझ्या आईनं अन्नपाणी सोडून सल्लेखना घेतलीती. सगळं करून सवरून, हासत घेतली. मी तिच्या पायाशी बसलेली हुते. पर माझं औषध चालत न्हाय असं कुटं हाय? औषध चालतंय. मशीन बंद हाय. नळ्या न्हाईत म्हणून मी मेले तर त्येला व्रत म्हणू नगासा."

तिनं पुन्हा विळी उभी केली आणि उरलेला दोडका चिरला. अण्णांनी पाणी मागितलं, प्याले आणि गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा मुलगा गाडी घेऊन दारात उभा होता. "आप्पा, अण्णांनी सांगितलंय, आता काकूला बसनं न्यायचं न्हाय. कुटं जायचं असंल तितं मी सोडतो," म्हणाला. पुढं त्यानं कधी चुकवलं नाही.

त्या गाडीमुळंच ती वाचली असं म्हणावं लागेल. काही दिवसांतच सकाळी तिला श्वास घेता येईना. छातीत पाणी भरलं होतं. पुतण्यानं गाडी कोल्हापूरला पळवली. आठवडाभर ती तिथं होती, रोज मशीनवर. मुलगी बाहेरच्या बाकावर रडत होती, तिला जवळ घ्यायला हवं होतं हे मला समजत होतं. मी समोरच्या भिंतीवरची पाटी वाचत बसलो. चपला बाहेर काढा, मोबाईल बंद ठेवा, थुंकू नका. पुन्हा वरून. शेवटी मुलगीच उठून माझ्या शेजारी येऊन बसली आणि तिनं माझा हात धरला.

बायको घरी आली तेव्हा अर्धी झाली होती. पण आली.

आणि मग एक दिवस पुतण्यानं बातमी आणली की आपल्या इथलं डायलिसिस परत सुरू होतंय. नवं कंत्राट झालं होतं, एजन्सी नवी, योजनेला नाव नवं. मांडव घातला होता. भिंतीच्या त्या पांढऱ्या चौकोनावर नवा बोर्ड आला होता, नव्या लोकांच्या फोटोंचा. तो आधीच्यापेक्षा जरा मोठा होता, त्यामुळं चौकोन पूर्ण झाकला गेला. आत गेलो तर मशीन तीच होती. त्यांच्यावर नवी लेबलं चिकटवली होती, एका मशीनवर जुन्याचा कोपरा खालून दिसत होता. खानापूरचा तंत्रज्ञ नव्हता. तो गोव्याला एका मोठ्या दवाखान्यात लागला होता. त्याचं लग्न झालं असं सिस्टर म्हणाल्या. बायकोला ते ऐकून बरं वाटलं.

उद्घाटनाला पुढारी यायच्या आधी एका अधिकाऱ्यानं बायकोला खाटेवर बसवलं आणि फोटोवाल्याला बोलावलं. तो अधिकारी कानडीत बोलत होता. "अम्मा, इकडं बघा. ह्या योजनेतल्या पहिल्या लाभार्थी तुम्ही."

ती कानडीतच म्हणाली, "मी पहिली नाही. ह्याच खाटेवर मी आधी दीड वर्ष येत होते. आम्ही आठ जण होतो."

"ती योजना वेगळी होती, अम्मा. ही नवी."

"मशीन तेच आहे की."

अधिकारी हसला. चिडला नाही. "आता किती जण आहात?" त्यानं विचारलं.

"मला तिघं दिसतात," ती म्हणाली. मग तिनं शेजारच्या खाटेकडं बघितलं. तिच्यावर नवी गादी होती, प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं.

मला वाटलं आता ती उठेल, किंवा आलेल्या पुढाऱ्यांना काही ऐकवेल. तसं काही झालं नाही. फोटोवाला म्हणाला, अज्जी, जरा मान वर. तिनं मान वर केली. पुढारी आले, त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, टाळ्या झाल्या, बाहेर भाषणं झाली. आधीच्या सरकारनं हे केंद्र वाऱ्यावर सोडलं होतं असं एक वक्ता म्हणाला. लोक ऐकत होते. मी खिडकीशी उभा राहून नव्या तंत्रज्ञाची सुई बघत होतो. पहिल्यांदा चुकली, दुसऱ्यांदा लागली. ती ओठ आवळून पडली होती.

दुसऱ्या दिवशी कानडी पेपरात फोटो आला. मी तो तिला दाखवला. तिनं मजकूर वाचला, मला त्याचा अर्थ सांगितला आणि म्हणाली, "डोळे मिटल्यात बगा माझे." पेपर घडी करून तिनं कपाटाच्या फळीवर अंथरला.

या गोष्टीला आता बरेच महिने झाले. आठवड्याला तीनदा आम्ही जातो. हात पुन्हा काळानिळा होतो, पण कमी. ती घरी येऊन उन्हातच जेवते, मग दुपारभर झोपते. मलाही बरं आहे. मुलगी अधूनमधून फोनवर विचारते, "आप्पा, तुम्ही बोलत का नाही हल्ली?" मी म्हणतो, बोलतोय की. बायको मात्र थोडी बोलायला लागली आहे. शेजारच्या खाटेवर आता एक तरुण मुलगी येते, बोरगावकडची, सासरहून माहेरी राहायला आलेली. ती घाबरलेली असते, काही बोलत नाही. बायकोच तिच्याशी बोलत राहते. सुरुवातीला पाण्याचं माप कसं ठेवायचं ते सांगितलं, मग भाजी कशी भिजवायची, मग आपल्या आईबद्दल, चिकोडीच्या घराबद्दल. ती मुलगी डोळे मिटून ऐकते.

गेल्या खेपेला सुई लावून झाल्यावर बायकोनं तंत्रज्ञाला विचारलं, "तुमचं कंत्राट कुटंपतूर हाय, बाळा?"

तो नळी तपासत होता. "पुढच्या निवडणुकीपतूर तर हायच, आक्का," तो म्हणाला. "मग बघायचं."

तिनं मान हलवली आणि त्या मुलीला म्हणाली, "पाय गार पडलं असतील तुजं. माझ्या पिशवीत शाल हाय, काकांना सांग, देतील." मी उठून शाल काढली आणि त्या मुलीच्या पायांवर घातली.